पांढऱ्या रोझमेरीचा किनारा

स्पेनच्या दक्षिणेस ग्रानादा प्रांताला जो थोडासा समुद्रकिनारा लाभला आहे, त्याला तिकडचे लोक 'कोस्ता त्रॉपिकाल', म्हणजे उष्ण कटिबंधाचा किनारा, असें म्हणतात. नांव थोडें बढाईचें आहे; परंतु अगदींच निराधार नाहीं. पाठीशीं साडेतीन हजार मीटरांच्या जवळपास उंच असलेला सिएरा नेवादा पर्वत उत्तरेचे गार वारे अडवून उभा आहे आणि समोर भूमध्य समुद्र पसरला आहे. त्यामुळें युरोपांत इतरत्र ज्यांची आशाहि करूं नये अशीं झाडें येथें उघड्यावर वाढतात. आल्मुन्येकार गांवाच्या आसपास आम्हीं आंब्याच्या बागा पाहिल्या, आणि 'चिरिमोया' नांवाचें जें फळ चाखलें तें तर आपल्या सीताफळाचें सख्खें चुलत भावंड निघालें! गर तसाच, काळ्या बियाहि तशाच. फक्त सीताफळाचे ते फुगीर डोळे तेवढे नाहींत. अरबांनीं आणलेला ऊस या किनाऱ्यावर सुमारें हजार वर्षें पिकत होता. सालोब्रेन्या येथील अखेरचा साखर-कारखाना २००६ सालीं बंद पडला, आणि उसाच्या मळ्यांची जागा अवोकाडोच्या बागांनीं व प्लॅस्टिकच्या छपरांखालच्या भाजीपाल्यानें घेतली.

परंतु आम्ही उभयतां तेथें गेलों तें फळांसाठीं नव्हे. आम्हांस पाहावयाची होती ती रोझमेरी. एक साधी, बागांच्या वर जेथें पाटाचें पाणी पोंचत नाहीं अशा डोंगरांवर वाढणारी. आणि दुसरी तिची रानटी बहीण, जेथें कडा थेट समुद्रांत उतरतो तेथें खडकाला बिलगून राहणारी. ही दुसरी साऱ्या पृथ्वीवर मालागा आणि ग्रानादा या दोन प्रांतांच्या किनाऱ्याखेरीज कोठेंहि आपण होऊन उगवत नाहीं.

रोझमेरी हें नांव आमच्या वाचकांस आतां परकें राहिलेलें नाहीं. केंसांच्या तेलाच्या बाटलीवर तें वाचावयास मिळतें. निलगिरीच्या थंड हवेंत तिची लागवड होते. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतून कुंडींत लावलेलें रोप विकतहि मिळतें. मात्र ही कोण, हिचें घराणें कोणतें, हिचे भाऊबंद कोठें नांदतात, असें कोणी विचारल्यास शास्त्रज्ञांना आपलें अडीचशें वर्षांचें जुनें उत्तर अलीकडे बदलावें लागलें आहे. त्या बदलाची हकीकत पुस्तकांत वाचलेली होती. ती झाडापाशीं उभें राहून समजून घ्यावी ही आमची इच्छा.

मार्च महिन्याचा उत्तरार्ध होता; आपल्याकडे फाल्गुन सरत आलेला. सोबत ग्रानादाचे एक वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचें नांव येथें देत नाहीं, कारण तें त्यांस आवडणार नाहीं. आपण त्यांस प्राध्यापकमहाशय म्हणूं. नेर्हा गांवाच्या पूर्वेस मारोपासून सेर्रो गोर्दो नांवाच्या भूशिरापर्यंत कड्यांची जी रांग आहे, ती १९८९ सालीं संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर झाली. चांचे लोकांवर नजर ठेवण्यासाठीं बांधलेले टेहळणीचे बुरूज तेथें अजून उभे आहेत. प्राध्यापकमहाशयांनीं आम्हांस कड्यावर न नेतां आधीं उलट दिशेनें, डोंगराकडे चालविलें. "धाकटीची ओळख करून घ्यावयाची तर आधीं थोरलीला भेटलें पाहिजे," असें त्यांचें म्हणणें पडलें.

थोरली दिसण्याआधीं वासानें कळली. कापूर, नीलगिरीचें तेल आणि राळ हीं तीन एकत्र खलावीं तसा कांहींसा तो वास. अर्ध्या-पाऊण पुरुष उंचीचीं, काष्ठमय बुंध्यांचीं झुडुपें सारी उतरण व्यापून होतीं, आणि त्यांवर फिकट निळ्या फुलांचा असा बहर होता कीं दुरून डोंगरावर धूर उतरल्याचा भास व्हावा. मधमाश्यांचा गुंजारव अखंड चालला होता. रोझमेरीचा मध हा स्पेनमध्यें नांवाजलेला पदार्थ आहे. अशा रानाला तेथें 'रोमेराल' म्हणतात, कारण रोझमेरीचें स्पॅनिश नांव 'रोमेरो'. गंमत अशी कीं, रोमेरो याच शब्दाचा दुसरा अर्थ यात्रेकरू असा आहे. रोमच्या वारीला निघालेला तो रोमेरो. दोहोंचीं मुळें निराळीं, उच्चार तेवढा एक. झाडाचें लॅटिन नांव 'रोस मारीनुस', म्हणजे समुद्राचें दंव. आणि अरबांनीं दिलेलें नांव 'इक्लील अल्-जबल', म्हणजे डोंगराचा मुकुट. एकानें समुद्र पाहिला, दुसऱ्यानें डोंगर. येथें उभें राहिलें असतां दोघेहि खरेंच बोलले असें वाटतें.

पान हातीं घेऊन पाहिलें. लांबी एक ते चार सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, जणूं सुईच. परंतु ती खरी सुई नव्हे. पानाच्या दोन्ही कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात, त्यामुळें रुंद पान गुंडाळून अरुंद केल्यासारखें होतें. वरची बाजू हिरवी, चकचकीत व जाड सालीची. खालची बाजू पांढऱ्या लवेनें गच्च भरलेली. पान ज्या सूक्ष्म छिद्रांनीं श्वास घेतें तीं छिद्रें या लवेच्या आड, वळलेल्या कडांच्या खोबणींत दडलेलीं असतात. येथील उन्हाळ्यांत दोन-तीन महिने पावसाचा थेंब पडत नाहीं. वाऱ्यानें पाण्याची वाफ उडून जाऊं नये म्हणून झाडानें केलेली ही तजवीज आहे. सुगंधी तेल सांठविणाऱ्या बारीक पिशव्याहि या लवेंतच असतात. पान चुरगाळलें कीं त्या फुटतात आणि वास सुटतो. असें हें कोरड्या, खडकाळ, पाणी झिरपून जाणाऱ्या जमिनीसाठीं घडलेलें झुडूप. आपण तें कुंडींत मऊ काळ्या मातींत लावतों, वरून श्रावणाची झड लागते, आणि भाद्रपद उजाडण्यापूर्वीं त्याचीं मुळें कुजलेलीं असतात. वाळू आणि खडे सढळ हातानें मिसळून कुंडी पागोळ्यांपासून दूर ठेवल्यास तें तग धरतें, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट प्राध्यापकमहाशयांनीं सांगितली ती ऐकून आम्हांस नवल वाटलें. या प्रदेशांतलीं पुष्कळ झुडुपें वणव्यांत जळालीं तरी बुंध्यापासून पुन्हां फुटतात. रोझमेरी फुटत नाहीं. जळालेलें झाड मरतेंच, आणि त्याची जागा जमिनींत पडलेल्या बियांपासून उगवलेलें रोप घेतें. म्हणजे आज दिसणाऱ्या प्रत्येक झुडुपाचा जन्म बीजापासूनच झालेला. हें ध्यानांत ठेवावें. पुढें धाकटीच्या संकटांत याचा संबंध येणार आहे.

आतां घराणें. आमच्या वाचकभगिनींनीं अंगणांतील तुळशीची एखादी कोंवळी डहाळी दोन बोटांत धरून फिरवून पाहावी. ती वाटोळी नसून चौकोनी लागते. पानें समोरासमोर, आणि एक जोडी उभी तर पुढची आडवी. फूल दोन ओंठांचें. फुलाच्या तळाशीं चार इवलीं फळें, जीं आपण बी समजून पेरतों. पुदिना, सब्जा, मरवा, पानओवा या सर्वांत हीच खूण. वनस्पतिशास्त्रांत या घराण्याला तुलसीकुल म्हणतात. रोझमेरीची कोंवळी फांदी चौकोनी, पानें समोरासमोर, फूल दोन ओंठांचें, फळें चार. तेव्हां कुलाविषयीं वाद नाहीं. वाद होता तो कुलाच्या आंतल्या वंशाविषयीं.

प्राध्यापकमहाशयांनीं एक फूल तोडून तळहातावर उलगडलें. तुळशीच्या फुलांत पुंकेसर चार असतात, रोझमेरींत दोनच. ते लांब, कमानीसारखे वांकून वरच्या ओंठाबाहेर डोकावतात. पराग आधीं पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणजे फुलाचा स्वतःशींच संयोग होण्याची शक्यता कमी. पुढें त्यांनीं भिंग आमच्या हातीं दिलें आणि पुंकेसराच्या तळाजवळ पाहावयास सांगितलें. तेथें एक अगदीं बारीक दांत होता. गुलाबाच्या कांट्याचें जणूं बाळरूप.

"या दांतानें मोठमोठे विद्वान भांडावयास लावले," ते म्हणाले.

तो दांत कळण्यास साल्व्हिया या दुसऱ्या वंशाचें फूल पाहावें लागतें. साल्व्हिया म्हणजे आपल्याकडे सार्वजनिक बागांतून हिवाळ्यांत लालभडक तुऱ्यांचे जे ताटवे असतात तें झाड. पाश्चात्यांच्या स्वयंपाकांतील 'सेज' ही पालाहि त्याच वंशांतील. तिच्याहि फुलांत पुंकेसर दोनच. परंतु प्रत्येक पुंकेसर मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखा मध्यावर टेकवलेला असतो. फळीचें खालचें टोंक मधाच्या वाटेवर आडवें, वरच्या टोंकाला परागाची पिशवी. माशी मधासाठीं डोकें आंत खुपसते, खालचें टोंक ढकललें जातें, आणि वरचें टोंक खालीं येऊन तिच्या पाठीवर पराग फासतें. गवताची काडी फुलांत हलकेच सारून हा प्रयोग कोणालाहि घरीं करतां येईल. मुलांना तो फार आवडतो. रोझमेरींत ही फळी नाहीं. पुंकेसर एकसंध, न हलणारा. फक्त जेथें फळीचा सांधा असावयाचा तेथें तो बारीक दांत.

फळी नाहीं, म्हणून वंश वेगळा. असा निवाडा दीर्घकाळ चालला. स्वीडनचा थोर वनस्पतिज्ञ लिनियस यानें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत रोझमेरीला 'रोस्मारिनुस ऑफिसिनालिस' आणि सेजला 'साल्व्हिया ऑफिसिनालिस' अशीं नांवें दिलीं. लिनियस पुंकेसर मोजून वर्ग पाडीत असे. त्यामुळें चार पुंकेसरांची तुळस दुसऱ्याच वर्गांत गेली आणि या दोघी दोन पुंकेसरांच्या वर्गांत शेजारी शेजारी आल्या. इतक्या शेजारी कीं दोघींचींहि वर्णनें त्या ग्रंथाच्या एकाच, २३ व्या पृष्ठावर छापलीं आहेत. मध्यें फक्त वंशाच्या नांवाची भिंत.

ही भिंत पडली ती एकविसाव्या शतकांत. अमेरिकेंतील जे वॉकर व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं या वनस्पतींतील डीएनएचा मजकूर ताडून वंशावळ मांडली. साल्व्हिया हा सुमारें हजार जातींचा अफाट वंश. त्याच्या वंशावळीच्या मध्यभागींच रोझमेरी बसलेली आढळली. म्हणजे काय, तें नीट समजून घेण्यासारखें आहे. पाश्चात्यांच्या स्वयंपाकघरांतील सेज आणि आपल्या बागेंतील लाल साल्व्हिया या आजवर एका घरच्या समजल्या जात. प्रत्यक्षांत सेजचें रोझमेरीशीं असलेलें नातें हें लाल साल्व्हियाशीं असलेल्या नात्यापेक्षां जवळचें निघालें. ती हलणारी फळीहि या घराण्यांत एकदांच नव्हे, निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणें उत्पन्न झाली असावी असें पुढें दिसून आलें. मग फळी आहे कीं नाहीं यावरून वंश कसा ठरवावा?

रोझमेरी एकटीच नव्हती. तिच्यासारखीं आणखी चार लहान घरें त्याच वंशावळींत मधूनमधून सांपडलीं. तुर्कस्तानांत अंताल्याच्या डोंगरांतली एकुलती एक जाति डोरिस्टेकस. दक्षिण इराणांतली एकुलती एक झुमेरिया. इराण-अफगाणिस्तानापासून काश्मीरच्या पलीकडील कोरड्या डोंगरांपर्यंत पसरलेली निळ्या फुलांची पेरोव्स्किया. आणि मेरियांड्रा, जिची एक जाति आपल्या पश्चिम हिमालयांत राहते. पांचहि घरांची माणसें मोजलीं तर पंधराच्या आसपास. एकीकडे हजारांचें कुटुंब, दुसरीकडे हीं पंधरा.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना पुढचा पेंच सांगावा लागणार नाहीं. आजचा शास्त्रीय दंडक असा कीं, वंशाचें एक नांव लावावयाचें तर एका मूळ पुरुषाची सारी संतति त्यांत यावी. मधलाच कोणी वगळतां येत नाहीं. तेव्हां मार्ग दोनच. या पंधरांना घरांत घ्या, किंवा हजारांची वाटणी करून अनेक चुली मांडा. वाटणी केल्यास शेंकडों झाडांचीं नांवें बदलणार. २०१७ सालीं ब्रायन ड्र्यू आणि त्यांचे सहकारी यांनीं 'टॅक्सॉन' या नियतकालिकांत एकत्र राहण्याच्या बाजूनें निबंध लिहिला. त्याच वर्षीं मारिया विल व रेगीने क्लासेन-बोकहोफ या दोन जर्मन विदुषींनीं वाटणीच हवी असें प्रतिपादन केलें. त्यांचाहि पक्ष पोरकट नव्हे. हजार जातींचें कुटुंब इतकें पसरलेलें आहे कीं त्याचें एका वाक्यांत लक्षण सांगणें कठीण, आणि ज्याचें लक्षण सांगतां येत नाहीं त्या नांवाचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आमचें मत विचाराल तर आम्ही एकत्र कुटुंबाच्या बाजूचे. पण तें भावकीच्या सोयीपुरतें. २०१९ सालीं इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेंहि एकत्र नांव मान्य केलें, आणि बागवानांच्या पाट्या बदलूं लागल्या.

नवें नांव काय द्यावें? वंशाचें नांव बदललें तरी जातीचें तेंच ठेवावें हा नियम. परंतु तसें केल्यास रोझमेरी ही 'साल्व्हिया ऑफिसिनालिस' होणार, आणि तें नांव तर सेजनें १७५३ पासून अडवून ठेवलेलें. शोध घेतां श्पेनर नांवाच्या एका जर्मन वनस्पतिज्ञानें १८३५ सालींच तिला 'साल्व्हिया रोस्मारिनुस' म्हटल्याचें आढळलें. त्या गृहस्थाला डीएनए ठाऊक असणें शक्यच नव्हतें. पण नांव तयार होतें. तेंच लावलें गेलें.

हें सारें ऐकत आमच्या सौ. एका धोंड्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे लग्नांत नांव बदलतात तसेंच कीं हें! तांदळांत नवें नांव लिहिलें, तरी माहेरीं जुन्याच नांवानें हांक मारावयाची."

आम्हीं हें प्राध्यापकमहाशयांना भाषांतर करून सांगितलें. ते मनापासून हंसले, मग जरा विचार करून म्हणाले, "नाहीं बाई, थोडा फरक आहे. ही सून म्हणून घरांत आली नाहीं. ही याच घरांत जन्मलेली लेक. अडीचशें वर्षें तिला शेजारची समजत होते, इतकेंच."

"मग नांव देण्याआधीं जन्मपत्रिका पाहावयास हवी होती," सौ. म्हणाल्या. त्यावर प्राध्यापकमहाशयांपाशीं उत्तर नव्हतें.

जातां जातां एक घरगुती गोष्ट. हल्लीं बाजारांत 'चिया' नांवाचें बी मिळतें, आणि पाण्यांत टाकल्यावर सब्जासारखें फुगतें म्हणून तें सब्जाच होय असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. सब्जा हा तुळशीच्या वंशाचा. चिया ही मेक्सिकोकडील साल्व्हिया. तेव्हां नव्या हिशेबानें चिया आणि रोझमेरी एका वंशाच्या, आणि सब्जा आमच्या वृंदावनांतल्या तुळशीचा भाऊ.

दुपारीं आम्ही कड्याकडे वळलों. वाटेंत खुजें ताडाचें झाड, एस्पार्तो गवत, रानटी थाइम आणि लव्हेंडर. त्यांतील शेवटचीं दोन पुन्हां तुलसीकुलांतलींच. बुरुजाच्या खालीं पायवाट संपते. तेथून पुढें फिकट खडकाचा उभा कडा, आणि खालीं इतकें निळें पाणी कीं पाहतांना डोळे दिपावे. खडकाच्या भेगांतून एक राखी रंगाचें झुडूप खालच्या दिशेनें लोंबत होतें. प्रथमदर्शनीं तें वाळलेलें वाटलें. प्राध्यापकमहाशयांनीं टोपी काढली, आणि 'रोमेरो ब्लांको' एवढेंच म्हटलें. पांढरी रोझमेरी ती हीच.

थोरलीच्या पानांची लव खालच्या बाजूस दडलेली. हिची वरच्या बाजूसहि पसरलेली. हात लावला तर बनातीचा स्पर्श. थोरली ताठ उभी राहणारी, ही खडकाला धरून वांकणारी. संवर्तावरहि, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पेल्यावरहि, तसेंच मऊ वस्त्र. फूल मात्र तेंच, दोन पुंकेसर तेच, आणि भिंगांतून पाहिलें तर तो दांतहि तेथेंच. स्विस वनस्पतिज्ञ हूबर-मोराथ आणि फ्रेंच वनस्पतिज्ञ मेर यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिला स्वतंत्र जाति ठरवून 'तोमेंतोसुस', म्हणजे लवेनें मढलेली, हें नांव दिलें होतें. वंश बदलल्यावर हिच्याहि वांट्याला तीच अडचण आली: 'साल्व्हिया तोमेंतोसा' ही निराळी वनस्पति आधींपासून होती. म्हणून २०१७ पासून ही 'साल्व्हिया ग्रानातेन्सिस', ग्रानादाची साल्व्हिया.

या दोघींची तिसरी एक बहीण आहे. ती पूर्वेस आल्मेरिया प्रांतांत, आणि समुद्रापलीकडे मोरोक्कोपासून लिबियापर्यंत उत्तर आफ्रिकेंत राहते. जमिनीलगत पसरणारी, आखूड पानांची, आणि फुलाचा पेला लांब केंसांनीं भरलेला. म्हणून झॉर्दां व फूरो या फ्रेंच वनस्पतिज्ञांनीं १८६६ सालीं तिला 'एरिओकालिक्स', लोंकरी पेल्याची, म्हटलें. तेंहि नांव साल्व्हियांत पूर्वींच वापरलेलें निघालें, तेव्हां झॉर्दांच्या सन्मानार्थ २०१५ सालीं तिचें 'साल्व्हिया जॉर्डानी' असें नामकरण झालें. यांत नियतीचा विनोद आहे. लियाँ शहरचा हा अलेक्सी झॉर्दां जन्मभर वाटण्या करीत राहिला. द्राबा नांवाच्या एका चिमुकल्या रानफुलाच्या त्यानें शेंकडा-दोनशें जाती पाडल्या, आणि प्रत्येकीला स्वतंत्र नांव दिलें. अशा माणसाचें नांव एका महाकुटुंबांत सामील झालेल्या झाडाला लाभावें!

पांढरी रोझमेरी कमी कां झाली याचें पहिलें कारण उघड दिसतें. ही जाति समुद्राजवळच्या सखल कड्यांखेरीज दुसरीकडे राहत नाहीं, आणि नेमकी तीच जागा माणसाला हवी आहे. किनाऱ्यावरून रस्ता गेला, घरें आलीं, प्लॅस्टिकचीं छपरें कड्याच्या कांठापर्यंत सरकलीं. हें संकट सर्वत्र सारखेंच आहे, त्याचा विस्तार करीत नाहीं. दुसरें कारण आम्हांस अधिक विचार करावयास लावणारें वाटलें.

परततांना रस्त्याच्या कडेस प्राध्यापकमहाशयांनीं एका झुडुपापाशीं थांबवून विचारलें, "ही कोणती, सांगा पाहूं?" आम्हीं पान उलटसुलट करून पाहिलें. वरची बाजू हिरवीहि नव्हती, पांढरीहि नव्हती, विटकी, करडी. झुडूप अर्धवट उभें, अर्धवट वांकलेलें. हा दोघींचा संकर होता.

हे संकर निसर्गतःहि होतात. जेथें दोघी शेजारी येतात तेथें ते पूर्वींहि होत असले पाहिजेत. फुलण्याचा काळ जुळतो आणि माश्या त्याच. नात्यानें इतक्या जवळच्या कीं बी धरतें. परंतु संख्येचा हिशेब पाहा. वरच्या डोंगरावर थोरलीचीं लक्षावधि झुडुपें. कड्यावर धाकटीचीं मोजकीं. शिवाय डोंगर खणला, उतार उघडा पडला, कीं थोरली तेथें लगेच उगवते, आणि बंगल्यांच्या बागांतून व रस्त्याकडेच्या वाफ्यांतून ती हौसेनेंहि लावली जाते. कड्यावरच्या फुलावर येणाऱ्या माशीच्या अंगावर कोणाचे पराग अधिक असणार? आणि मघां सांगितल्याप्रमाणें हीं झुडुपें पिढ्यान्‌पिढ्या बीजावरच टिकून राहणारीं. संकराचा पुन्हां थोरलीशीं संयोग, त्याच्या संततीचा पुन्हां तिच्याशींच. असें होत गेल्यास कड्यावर झुडपें राहतील, फुलतील, वासहि देतील, आणि तरी पांढरी रोझमेरी नाहींशी झालेली असेल. कुऱ्हाड न लावतां, वणवा न लागतां. मोजणाऱ्याला तें एका वर्षांत दिसणारहि नाहीं.

आम्हीं प्राध्यापकमहाशयांना विचारलें कीं, तुम्ही शास्त्रज्ञांनीं रोझमेरीला मोठ्या घरांत घेतलें त्याचा आनंद मानतां, आणि येथें एक बहीण दुसरींत विरघळते म्हणून दुःख करतां. यांत विसंगति नाहीं काय? ते चालतां चालतां थांबले. म्हणाले, "नांव एक झाल्यानें कोणाची पानें बदलत नाहींत. साल्व्हिया म्हणून हजार जाती एकत्र मोजल्या, तरी प्रत्येक जाति आपल्या ठिकाणीं वेगळीच राहते. येथें मात्र जातच पुसली जाते. मला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात, कारण दोहोंच्या मुळाशीं एकच कारण आहे. त्या जवळच्या नात्याच्या आहेत."

त्यांचे एक परिचित कार्यकर्ते दरवर्षीं हिवाळ्यांत कड्याच्या आसपासचीं थोरलीचीं व संकराचीं रोपें उपटून काढतात, असें त्यांनीं सांगितलें. किती अंतरापर्यंत उपटावीं, हा प्रश्न त्यांस अजून सुटलेला नाहीं. माशी किती दूर उडते यावर तें अवलंबून. सौ.नीं विचारलें, "आणि ज्या झुडुपाची खात्री नसेल तें?"

"तें ठेवतात," प्राध्यापकमहाशय म्हणाले, "आणि पुढच्या वर्षीं पुन्हां भिंग घेऊन जातात."